चिनी गाड्यांवर ४५ टक्के टॅरिफ? आकडे नीट बघा

सगळीकडे एक मेसेज फिरतोय की युरोपने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर ४५ टक्के टॅरिफ लावून दार बंद केलं, डब्ल्यूटीओचे (जागतिक व्यापार संघटनेचे) नियम मोडले आणि हे सगळं जर्मन कंपन्यांना वाचवायला.

पहिलं म्हणजे ४५ टक्के सगळ्यांना नाहीये. १० टक्के आयात शुल्क आधीपासून होतंच, त्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीप्रमाणे वेगळी ड्युटी लागली, बीवायडी, गीली, एसएआयसी या चिनी कंपन्यांपैकी बीवायडीला १७ टक्के, गीलीला १८.८ आणि एसएआयसीला व युरोपच्या सबसिडी चौकशीत सहकार्य न करणाऱ्यांना ३५.३, म्हणजे आधीचे १० धरून ४५.३. सगळ्यात वरचा आकडा उचलून सगळ्यांना चिकटवलाय. बरं, चिनी म्हणून राग असता तर शांघायमध्ये बनणाऱ्या अमेरिकन टेस्लाला ७.८ टक्के का लावले असते? बीएमडब्ल्यूची चीनमध्ये बनणारी इलेक्ट्रिक मिनीपण सुटली नाही. गाडी कोणाची हे बघितलंच नाही, ती बनवताना सरकारी पैसा किती गेला ते बघितलं.

नियम मोडले म्हणणाऱ्यांनी डब्ल्यूटीओचा सबसिडीचा करार वाचावा. चौकशी करा, सबसिडी दाखवा, तुमच्या उद्योगाला त्याचा फटका बसतोय हे दाखवा आणि मग ड्युटी लावा, असं त्यातच आहे. युरोपने वर्षभर चौकशी केली, स्वस्त कर्ज, स्वस्त जमीन, कमी भावात बॅटऱ्या हे सगळं त्यात निघालं. अमेरिकेने तर २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर सरळ १०० टक्के लावले. चीन याविरुद्ध डब्ल्यूटीओत गेलाय, तो त्याचा हक्क आहे आणि भांडण तिथेच व्हायला हवं. आणि दार बंदची गोष्ट करायची तर परदेशी कार कंपनीला स्थानिक पार्टनर घ्यायलाच लावून ५० टक्क्यांच्या वर हिस्सा न देण्याचा नियम चीनने इलेक्ट्रिक गाड्यांसाठी २०१८ पर्यंत आणि बाकी प्रवासी गाड्यांसाठी २०२२ पर्यंत चालवला, त्याबद्दल या मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

जर्मन कंपन्यांना वाचवायला हे तर साफ खोटं, या ड्युटीवर युरोपियन युनियनच्या देशांनी ४ ऑक्टोबर २०२४ ला केलेल्या मतदानात जर्मनीने विरोधात मत दिलं! १० देश बाजूने, ५ विरोधात, १२ तटस्थ. फोक्सवॅगन, मर्सिडीजचा केवढा धंदा चीनमध्ये आहे, त्यांना उलट फटक्याची भीती होती, आणि चीनने युरोपच्या ब्रँडी, पोर्क, डेअरीवर चौकश्या लावल्याच.

राहिलं "स्वस्त मिळतंय तर घेऊ दे की". हा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. सोलर पॅनलवर युरोपने २०१३ मध्ये ड्युटी लावली, २०१८ मध्ये काढली, पॅनल स्वस्त झाले, घराघरांवर लागले, चांगलंच झालं. पण तिथले कारखाने गेले, सोलरवर्ल्डसारखी जर्मन कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि आता बाहेरून येणारे जवळपास सगळे पॅनल चीनचेच असतात. एकाच देशावर असं अवलंबून राहिलं की काय होतं तेही दिसलंय: एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही रेअर अर्थच्या (मोटरच्या चुंबकांसाठी लागणाऱ्या धातूंच्या) निर्यातीला लायसन्स लावलं तेव्हा युरोपातल्या काही ऑटो पार्ट्सवाल्यांना लाइन बंद ठेवाव्या लागल्या, आणि दुसरीकडून माल आणायची सोय त्यांच्याकडे नव्हती.