पहिला नंबर नाझचा नाही

परवा रात्री कॉलेजच्या ग्रुपवर एकानं विचारलं, जुन्या हिप-हॉपमधलं, म्हणजे रॅपमधलं, तुझं एक नंबर गाणं कुठलं? मी रॅपर नाझ सोडून भलतंच नाव घेतलं आणि पहाटे दोनपर्यंत शिव्या खाल्ल्या. म्हणून पूर्ण यादी इथेच टाकतो, बाकीच्यांनीही हात धुऊन घ्या. अट एकच, गाणं १९९६च्या आधीचं हवं.

आधी थोडं मूळ दुखणं सांगतो. रॅपचा घरचा स्वर म्हणजे 'मी'. मी असा, मी तसा, माझ्यापुढे कोण टिकणार. त्यामुळे 'रॅप म्हणजे अमेरिकेतला पोवाडा' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. अहो, शाहीर दुसऱ्याचा पराक्रम गातो, स्वतःचं नाव फार तर शेवटी टाकतो. इथे गडी पहिल्या ओळीतच स्वतःची आरती ओवाळतो. नातं जोडायचंच असेल तर कलगी-तुऱ्याशी जोडा, सवाल टाकून समोरच्याला भर फडात गप्प करायचं तिथे. मला ती मस्ती आवडते, पण वीस-बावीस वर्षं ऐकल्यावर लक्षात आलं की मी परत परत लावतो ती गाणी वेगळीच आहेत. त्यांत 'मी' जरा सरकून दुसऱ्या कुणाला जागा देतो.

सहावं, 'द मेसेज', १९८२. नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं, आणि गंमत म्हणजे फ्लॅश स्वतः गाण्यात नाहीच. आवाज मेली मेल आणि ड्यूक बूटीचे. ग्रुपला हे गाणं नकोच होतं, लोक नाचायला येतात, त्यांना फुटक्या काचा आणि घाण वास कशाला ऐकवायचा? रेकॉर्ड कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी हट्टानं करून घेतलं. शेवटचं कडवं, त्या पोराचं जे कोठडीत लटकलेलं सापडतं, ते मेली मेलनं १९७९च्या एका पार्टी-गाण्यात आधीच म्हटलं होतं. तिथे नाचता नाचता कानाआड गेलं असणार. इथे संथ तालावर आलं आणि अंगावर आलं.

पाचवं, आइस क्यूबचं 'इट वॉज अ गुड डे'. एका दिवसाची नुसती जंत्री. आईनं नाश्ता केला, बास्केटबॉल बरा झाला, पोलिसांनी अडवलं नाही, आणि लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागात आज ओळखीतलं कुणी मेलं नाही. 'चांगला दिवस' म्हणजे काय, ते या शेवटच्या बाबीवरून कळतं. खाली आयझली ब्रदर्स या जुन्या बँडची मऊ गिटार, म्हणून जास्तच टोचतं.

चौथं, मॉब डीपचं 'शुक वन्स, पार्ट टू', १९९५. याच्यात 'मी' भरपूर आहे, माझाच नियम मोडतोय, माहीत आहे. पण तो बीट! त्यातला पियानो कुठल्या जुन्या रेकॉर्डवरून उचललाय हे रेकॉर्डी धुंडाळणाऱ्या लोकांना तब्बल २०११ पर्यंत सापडलं नव्हतं. निघाला जॅझवाल्या हर्बी हॅनकॉकचा, तोही ओळखू न येण्याइतका कापलेला.

तिसरं, एरिक बी आणि राकिमचं 'पेड इन फुल', १९८७. एकच कडवं. खिशात हात घालतो तर पैसे संपलेले, अजून खोल घालतो तर दोऱ्याचे गुंते. राकिम लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा आणि ते ऐकू येतं. यमक ओळीच्या टोकाला थांबत नाही, मध्येच कुठेतरी फुटतं. आवाज कधीच चढत नाही. आणि हो, २००२ साली ट्रुथ हर्ट्सच्या 'अडिक्टिव्ह'मध्ये हाच राकिम लताबाईंच्या आवाजाशेजारी येऊन बोलून गेला. 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. श्रेय न देता वापरलं म्हणून प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं. तरी लताबाई आणि राकिम एका गाण्यात, हे वाक्य मी कधीतरी लिहीन असं वाटलं नव्हतं.

दुसरं, नाझ. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड', १९९४. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज वस्तीच्या इमारती, डीजे प्रीमियरनं लावलेला काळोखा पियानो, आणि सुरुवातीला हा विशीतला पोरगा पुटपुटतो की सुरू कसं करायचं कळत नाही. मग जो सुरू होतो तो थांबत नाही. लेखणीचा विचार केला तर हेच पहिलं, मान्य. पण तिथे सगळं नाझच्या डोळ्यांतून दिसतं, माणसं येतात नि जातात, ओळख कुणाशीच होत नाही.

(रॅपर टूपॅकचं आईवरचं 'डिअर मामा' कुठंय, असं विचारणाऱ्यांना: सातवं. आई म्हटलं की आपण आधीच पाघळलेले असतो, म्हणून मुद्दाम दोन मार्क कापले.)

पहिलं, पीट रॉक आणि सी. एल. स्मूथचं 'दे रेमिनिस ओव्हर यू', १९९२. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं ट्रॉय. ट्रॉय डिक्सन, रॅपर हेवी डीच्या ग्रुपमधला नाचणारा पोरगा, यांच्याच गावचा, न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्ननचा. १९९० साली दौऱ्यावर असताना उंचावरून पडून गेला. दोस्तावरचं गाणं, पण दोस्त शेवटच्या कडव्यात येतो. आधी येतो बाळाच्या हातापायांची बोटं मोजणारा आजोबा. मग पोरापेक्षा फक्त अठरा वर्षांनी मोठी आई. मग पॉपा डॉक, खऱ्या बापानं पाठ फिरवल्यावर जो बापाच्या जागी उभा राहिला. आणि ट्रॉयचं मोठेपण सांगायच्या ऐवजी सी. एल. स्मूथ एवढंच सांगतो, आपली भेट कशी झाली तर रस्त्यावर मारामारी चालली असताना. वर टॉम स्कॉटच्या जुन्या रेकॉर्डवरून घेतलेला सॅक्सोफोन, पुन्हा पुन्हा.

मला हे गाणं हॉस्टेलवरच्या एका एमपीथ्री सीडीवर सापडलं होतं, दीडशे गाणी, निम्म्यांवर टूपॅकचं नाव. याच्यावरही. कित्येक महिने मी टूपॅकच्या आजोबांबद्दल हळहळत होतो.

माझी कॉलेजची पहिली फी मामानं भरली होती. मामा गेला त्या वर्षी हे गाणं मी फार ऐकलं. एकदा त्याच्या घरी फोनवर हळू आवाजात लावलं होतं. शब्द मामीला कळण्यातले नव्हते. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, हे कसलं वाद्य रे? म्हटलं, सॅक्सोफोन. म्हणाली, सनईसारखं वाटतंय, राहू दे.