‘एक डिपेन्डन्सी टाका, झालं’... कुठं झालं?

स्प्रिंग बूट (जावा ॲप पटकन उभं करणारं फ्रेमवर्क) आणि हायबरनेट (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी) यांच्याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय. स्टार्टर डिपेन्डन्सी (लागणाऱ्या लायब्ररींचा तयार संच) टाका की जोडणी झाली, लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन (हायबरनेटचं सेशन मिटल्यावर न आणलेला डेटा मागितल्याची एरर) आलं तर सगळं ईगर करा (जोडीचा डेटा लगेच आणा; लेझी म्हणजे लागेल तेव्हा), ओपन-इन-व्ह्यू या सेटिंगला हात लावू नका, टेबलं अपडेट मोडवर (क्लास बघून हायबरनेटच टेबलं बदलतं तो मोड) आपोआप होतात, आणि एवढं करून ॲप रखडलं तर हायबरनेट मुळातच स्लो.

पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. डेटासोर्स, एंटिटी मॅनेजर फॅक्टरी, ट्रान्झॅक्शन मॅनेजर हे डेटाबेसशी बोलायला लागणारे भाग बूट उभे करून देतं, पूर्वी एक्सएमएलमध्ये हे सगळं हातानं बांधलेल्यांना त्याची किंमत कळेल. पण सेशन (हायबरनेटचं डेटाबेसशी चाललेलं संभाषण) कधी उघडायचं नि कधी मिटायचं हे बूट तुमचं ॲप न बघताच ठरवतं, आणि सगळी भानगड तिथंच आहे.

ओपन-इन-व्ह्यू बाय डिफॉल्ट चालू असतं, म्हणजे सेशन अख्खी रिक्वेस्ट संपेपर्यंत उघडं. त्यामुळे एक्सेप्शन येत नाही हे खरं, पण पहिली क्वेरी पडली की कनेक्शनही रिस्पॉन्स जाईपर्यंत अडकून बसतं. हिकारीच्या पूलमध्ये (बूट वापरतं तो तयार कनेक्शनांचा साठा) डिफॉल्ट 10 कनेक्शन. आता सर्व्हिसमधून डेटा आणल्यावर कंट्रोलरनं बाहेरची एखादी एपीआय मारली आणि ती 3 सेकंद लोंबकळली, तर तेवढा वेळ ते कनेक्शन नुसतं बसून, अशा 10 रिक्वेस्ट एकदम आल्या की अकरावी रांगेत, आणि 30 सेकंदांत नंबर नाही लागला तर थेट एरर. डेटाबेस मात्र आरामात! बूट 2.0 पासून स्टार्टअपलाच याची वॉर्निंग छापतं, ती वाचतं कोण?

मग ईगर करायचं का? मेनी-टू-वन (अनेक ऑर्डर, एक ग्राहक असं नातं) तसंही डिफॉल्ट ईगरच असतं. त्यात जेपीक्यूएलनं (ऑब्जेक्टवर लिहायची क्वेरी भाषा) 50 ऑर्डर आणल्या आणि प्रत्येकीचा ग्राहक वेगळा असला, तर जॉइन फेच (जोडीचा डेटा त्याच क्वेरीत आण, असं सांगणं) न लिहिल्यास 1 क्वेरी ऑर्डरची नि वर 50 ग्राहकांच्या. म्हणजे एन प्लस वन (एका क्वेरीमागे आणखी एन क्वेऱ्या) गेलं नाही, उलट जिथं ग्राहक नकोच होता तिथंही आलं. लेझी ठेवा आणि ज्या स्क्रीनला जे लागतं ते त्या क्वेरीत जॉइन फेचनं किंवा एंटिटी ग्राफनं (काय काय सोबत आणायचं याची यादी) मागा, नुसतं दाखवायचं असेल तर सरळ डीटीओ (फक्त हवी तेवढी फील्ड असलेला साधा ऑब्जेक्ट). (कलेक्शनचं जॉइन फेच आणि पेजिंग एकत्र केलंत तर हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत आणून तिथं पान कापतं, तेवढं सांभाळा.)

अपडेट मोडबद्दल एवढंच, फील्डचं नाव बदला, नवा रिकामा कॉलम तयार होतो आणि जुना डेटा जुन्याच कॉलममध्ये. प्रॉडक्शनला फ्लायवे किंवा लिक्विबेस (टेबलांचे बदल लिहून ठेवून क्रमानं लावणारी टूल्स).

राहिला स्लोपणा. बॅच साइज (एकदम किती इन्सर्ट पाठवायचे) सेट करूनही इन्सर्ट एकेक जात असतील तर आयडी बघा, आयडेंटिटी स्ट्रॅटेजीवर (आयडी डेटाबेस इन्सर्टच्या वेळीच देतो) हायबरनेट इन्सर्टचं बॅचिंग बंदच ठेवतं. सिक्वेन्स (इन्सर्टच्या आधीच आयडी देणारा काउंटर) असलेला डेटाबेस असेल तर आयडीसाठी सिक्वेन्स वापरा आणि एसक्यूएल लॉग चालू करून एका रिक्वेस्टला किती क्वेऱ्या जातात ते मोजा, मग हायबरनेटला शिव्या घाला, मीही घालीन तुमच्यासोबत.