बिनकाट्याचा खांब म्हणजे ‘पेरुव्हियानस’च? जरा थांबा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बागकामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज दर काही महिन्यांनी परत उगवतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण मुद्दे तेच असतात: उभा वाढणारा आणि काटे नसलेला कॅक्टस म्हणजे ‘सेरियस पेरुव्हियानस’. शंका आली तर धारा (खोडावरचे उभे कंगोरे) मोजा, जात कळते. निळसर असेल तर मायर्टिलोकॅक्टस. काटे नाहीत म्हणून मुलाबाळांच्या घरात बिनधास्त ठेवा. आणि एकदा बिनकाट्याचा तो कायम बिनकाट्याचा, बी पेरलं तरी तसाच येणार. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही. कुठे पाव खरं आहे, कुठे तेवढंही नाही.

‘उभा, बिनकाट्याचा, म्हणजे पेरुव्हियानस’

ते रोप मुळात कॅक्टस आहे का, हे आधी बघायला हवं. आपल्याकडे ‘निवडुंग’ हा शब्द सैल वापरला जातो. फड्या निवडुंग कॅक्टस आहे, त्रिधारी निवडुंग नाही. तो युफोर्बिया, म्हणजे शेराचा भाऊबंद. नर्सरीत मात्र दोघं एकाच रांगेत उभे असतात आणि दोघांवरही ‘कॅक्टस’ अशीच चिठ्ठी असते.

फरक बघायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. साधं, घडीचं चालेल. धारेच्या कडेवर ठरावीक अंतराने ठिपके दिसतील. खऱ्या कॅक्टसमध्ये असा प्रत्येक ठिपका म्हणजे कापसाची चिमुकली गादी असते. तिला एरिओल म्हणतात. काटा, फांदी, फूल, सगळं तिथूनच निघतं, त्यामुळे काटे नसले तरी गादी असतेच. बिनकाट्याच्या सेरियसची गादी भिंगाखाली मळकट तपकिरी लोकरीसारखी दिसते आणि तिच्यात बऱ्याचदा दोन-तीन बारीक राठ केस लपलेले असतात, इतके आखूड की बोट फिरवलं तर खरखर लागते, पण डोळ्यांना दिसत नाहीत. विकण्याआधी कुणी काटे छाटले असतील तर तेही इथेच उघडं पडतं: गादीत चपटा, रंगाने वेगळा बुडखा उरतो.

युफोर्बियात ही लोकरीची गादी नसते. काटे असले तर बहुधा जोडीने, एका टणक पट्टीवर. कोवळ्या टोकाला पळीच्या आकाराची बारकी पानं दिसली आणि खोडावर फिकट शिंतोडे असले, तर युफोर्बिया ट्रायगोनाचा संशय घ्या.

तरीही शंका उरली तर टाचणीची चाचणी करा. चष्मा आणि हातमोजे घालून, खोडाच्या बुडाशी, मागच्या बाजूला टाचणीचं नुसतं टोक टोचा. दुधासारखा पांढरा चीक आला तर उभ्या, खांबासारख्या रोपाच्या बाबतीत प्रश्न मिटला: युफोर्बिया. (काही मॅमिलारियांनाही पांढरा चीक असतो, पण त्या गोल, गाठीगाठींच्या. त्यांची गल्लत इथे होत नाही.) पाण्यासारखा किंवा बुळबुळीत रस आला तर कॅक्टस असू शकतो. असू शकतोच म्हणायचं, कारण माकडशिंग आणि हाडजोडी यांनाही पांढरा चीक नसतो, दोन्ही चौधारी आणि दोन्ही बिनकाट्याच्या. हाडजोडीला पेरं आणि ताणे असतात, त्यामुळे ती पटकन सापडते. माकडशिंगाला गादी नसते.

आता नावाचं. ‘पेरुव्हियानस’ हे नाव लिनिअसने 1753 मध्ये दिलं खरं, पण ते नेमकं कोणत्या झाडाला लावायचं याचा घोळ तेव्हापासूनचा आहे. हल्ली ते बहुतेक वेळा सेरियस रिपांडस या जातीत धरतात, आणि रिपांडस पेरू देशातला नाही, कॅरिबियन किनाऱ्याकडचा आहे. नर्सरीत ‘पेरुव्हियानस’ म्हणून जो गुळगुळीत, निळसर-हिरवा खांब मिळतो तो बऱ्याचदा तिसराच, सेरियस हिल्डमानियानस असतो. हा ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना भागातला, आणि त्याच्या काही रोपांना काटे जवळजवळ नसतातच. म्हणजे मेसेजमधलं नाव चुकीचं आहे, पण ज्या रोपाबद्दल बोलतात ते रोप खरोखर असतं. पाव खरं ते एवढंच.

त्याच रांगेत उभी राहणारी बाकीची मंडळी वेगळी. टोटेम पोल, म्हणजे लोफोसेरियस शॉट्टीचा मॉन्स्ट्रोज (बेढब, अनियमित वाढीचा) प्रकार, मूळ मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातला. याला सरळ धारा नसतातच. वितळलेल्या मेणबत्तीसारखे गुळगुळीत फुगवटे असतात. एकदा पाहिला की परत चुकत नाही. मेक्सिकन फेन्सपोस्टच्या गाद्या इतक्या जवळजवळ असतात की धारेवर खडूने रेघ ओढल्यासारखी पांढरी ओळ दिसते. सॅन पेद्रो, म्हणजे ट्रायकोसेरियस पचनोई, याचे काटे इतके आखूड असू शकतात की लांबून तो बिनकाट्याचाच वाटतो. सेरियसपासून तो वेगळा काढायचा तर वरून बघा. सेरियसच्या धारा पातळ, उंच, मधली खाच खोल, आडवा छेद चांदणीसारखा. पचनोईच्या धारा रुंद, गोलसर, आणि प्रत्येक गादीच्या वर नखाने दाबल्यासारखी बारीक खाच.

आणि एक फसवा पाहुणा: लाल-पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’. तो गोळा कलम केलेला असतो. त्याच्यात हरितद्रव्य नाही, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो. काही वर्षांत गोळा मरतो, खुंट फुटतो, आणि घरात ‘नवीन बिनकाट्याचा उभा कॅक्टस’ आल्याची बातमी ग्रुपवर येते. तो बहुधा ड्रॅगन फ्रूट असतो: तीन धारा, गादीत दोन-चार मिलिमीटरचे आखूड काटे, आणि खोडातून हवेत सुटलेली मुळं.

‘धारा मोजा, जात कळते’

धारा मोजाव्यातच, पण निकाल त्यावर देऊ नये. रिपांडसच्या वाढलेल्या खोडाला साधारण नऊ-दहा धारा असतात. हिल्डमानियानसला कमी, पाच-सहाच्या आसपास. पचनोईला सहा ते आठ, फेन्सपोस्टला पाच ते सात. आकडे एकमेकांवर चढलेले आहेत हे लगेच दिसतं.

शिवाय एकाच खोडावर धारा बदलतात. खोड जाड झालं की नवी धार घुसते, बारीक झालं की एखादी मिटते. आपल्याकडच्या टॉवरमध्ये हे हमखास होतं. वरच्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब डोक्यावर असतो, ऊन येतं ते ग्रिलमधून, एका बाजूने, दोन तास. कॅक्टस उजेडाकडे वाकतो, शेंडा पेन्सिलीसारखा निमुळता होतो, धारा कमी होतात आणि काटेही आखूड, मऊ पडतात. म्हणजे मुळात काटे असलेली जातही अशा गॅलरीत ‘बिनकाट्याची’ भासते. हा बारीक भाग नंतर ऊन मिळालं तरी जाड होत नाही, त्याच्यावर नवी जाड वाढ बसते आणि मध्ये कमरेसारखा खळगा राहतो.

म्हणून मोजायचं तीन ठिकाणी: बुडाशी, मध्यावर, आणि शेंड्याच्या साधारण 10 सेंटिमीटर खाली. ओळखीसाठी धरायचा तो भाग, जो रोज चार-पाच तास थेट उन्हात वाढला आहे. तसा भाग रोपावर नसेल तर रोप हळूहळू उन्हाला सरावून एका हंगामाची वाढ होईपर्यंत थांबा. एकदम कडक उन्हात ठेवलंत तर त्वचा भाजते आणि तो पिवळा-करडा डाग कायमचा राहतो.

‘निळा म्हणजे मायर्टिलोकॅक्टस’

निळेपणा म्हणजे त्वचेवरचा मेणाचा थर. मायर्टिलोकॅक्टस जिओमेट्रिझान्सवर तो असतो, पिलोसोसेरियस नावाच्या दुसऱ्या उभ्या कॅक्टसवर असतो, हिल्डमानियानसच्या कोवळ्या वाढीवरही असतो. अंगठा घासला तर निघून जातो आणि घासलेल्या जागी हिरवा ठसा उरतो, म्हणून तपासायच्या नादात घासू नका. रंगावरून जात ठरत नाही.

खात्री देणारी गोष्ट फूल. सेरियसचं फूल मोठं, पांढरं, रात्री उमलून सकाळी मलूल होणारं, आणि त्याची नळी उघडी, गुळगुळीत. पचनोईचंही मोठं, पांढरं आणि रात्रीचंच, पण नळीवर दाट केस. मायर्टिलोचं फूल दोन-तीन सेंटिमीटरचं, एकाच गादीतून अनेक. लोफोसेरियसचंही बारकं आणि एका गादीतून अनेक, पण रात्री उमलणारं. पंचाईत इतकीच की कुंडीतला छोटा खांब फुलत नाही.

‘काटे नाहीत, म्हणून सुरक्षित’

हा मुद्दा सगळ्यात वाईट, कारण इथे चूक झाली तर इजा होते. ज्याला काटे नाहीत तो युफोर्बिया निघाला तर त्याचा चीक डोळ्यात जाणं फार त्रासाचं असतं. प्रचंड आग होते, बुबुळाला सूज येते. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जायचं, ‘थांबून बघू’ नाही. त्वचेवरचा चीक नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लागतो. पचनोईत मेस्कलिन हे मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य असतं, तेव्हा ओळख न पटलेला खांब ‘औषधी’ म्हणून चाखायचा विचारही नको. फड्याच्या जातभाईंपैकी सशाच्या कानासारखा दिसणारा, मऊ पिवळ्या ठिपक्यांचा ओपुन्शिया तर मुलांच्या हाती देऊच नये: ते ठिपके म्हणजे शेकडो आकडेदार कुसळं. घुसलीच तर चिकटपट्टी लावून ओढायची, चोळायची नाहीत.

‘कायम बिनकाट्याचा, बियांपासूनही’

नाही. बियांपासून उगवलेली पिल्लं मिश्र निघतात, काही चांगली काटेरी. तीच गत छाटणीनंतरच्या फुटव्यांची: जुन्या खोडाच्या बुडातून आलेला कोंब लहान रोपासारखा वागतो आणि काटे घेऊन येतो. ही लबाडी नव्हे, रोग नव्हे. मॉन्स्ट्रोज प्रकारात तर एखादी फांदी मूळ रूपावर परत जाते, सरळ धारा आणि काटे धरते. ती जोमाने वाढते, म्हणून दिसल्याबरोबर बुडापासून कापा, नाहीतर दोन वर्षांत तीच रोप होऊन बसते.

तसंच रोप हवं असेल तर कटिंग, तेही खात्रीच्या गुळगुळीत भागाचं. 15 ते 20 सेंटिमीटरचा तुकडा, जानेवारी ते मार्चमध्ये. कापलेली कड पेन्सिलीच्या टोकासारखी थोडी तासा, म्हणजे सुकताना मध्यभाग आत ओढला जात नाही. सावलीत उभा ठेवून 10 ते 15 दिवस सुकवा, मग एक भाग कंपोस्ट, एक भाग जाड रेती आणि एक भाग विटांचा चुरा अशा कोरड्या मिश्रणात चार-पाच सेंटिमीटर खोल लावा. पहिलं पाणी दोन आठवड्यांनी. जून ते सप्टेंबर सुरी हातात घेऊ नका: आपल्याकडच्या दमट हवेत जखम सुकत नाही, बुडातून तपकिरी, पाणचट कूज वर चढते. चढलीच तर निरोगी, डाग नसलेला छेद मिळेपर्यंत वर वर कापत जा, दर कापाला सुरी पुसून.

आणि कुंडीत पट्टी खोचताना त्यावर पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हाने उडते, पेन्सिल टिकते. फूल बघेपर्यंत मजकूर एवढाच: ‘सेरियस, बिनकाट्याचा, जात नक्की नाही, बुडाशी 6 धारा, शेंड्याशी 5, चीक नाही.’