शेजारचा रकाना पण वाच, मावशी

मावशीने परवा फॅमिली ग्रुपवर टाकलेली पोस्ट तुमच्याकडेही येऊन गेली असेल. 'इंग्रज येण्याआधी जगाचं २५ टक्के उत्पन्न एकट्या भारताचं होतं. प्रत्येक भारतीय इंग्रजापेक्षा श्रीमंत होता. देशात कोणी उपाशी झोपत नव्हतं. सगळं इंग्रजांनी लुटलं. एका गोऱ्या प्राध्यापकानेच हे कबूल केलंय.' मी सोडून दिलं असतं. पण काल लालबागला ताईकडे गेले, तर भाचीच्या प्रोजेक्टच्या चार्टवर यातलं दुसरं वाक्य लाल स्केचपेनने, खाली मोहरांचा हंडा काढलेला. मग राहवलं नाही.

तो प्राध्यापक म्हणजे अँगस मॅडिसन. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात होते. जगाच्या दोन हजार वर्षांच्या उत्पन्नाचा हिशोब मांडणारं त्यांचं पुस्तक २००१ साली आलं. १७०० साली भारताचा वाटा २४.४ टक्के, हा आकडा त्यातलाच. मात्र ती कसली कबुली नाही, तो एका अभ्यासकाचा अंदाज आहे.

आता त्याच पुस्तकातली लोकसंख्या बघा. १७०० साली भारतात साडेसोळा कोटी माणसं, जगात साधारण साठ कोटी. म्हणजे माणसं २७ टक्के आणि उत्पन्न २४ टक्के. दरडोई वर्षाचं उत्पन्न काढलं तर १९९० मधल्या डॉलरच्या किमतीने भारत ५५०, जगाची सरासरी ६१५, ब्रिटन १,२५०. ब्रिटनचा एकूण वाटा तीन टक्क्यांच्या आत होता, कारण तिथे माणसंच नव्वद लाखांहून कमी. ताईच्या चाळीत एका खोलीत अकरा जण राहतात, शेजारच्या खोलीत दोघं. अकरा जणांची कमाई एकत्र केली तर जास्तच भरणार. म्हणून त्या खोलीतलं प्रत्येक पोर जास्त जेवतं का?

मला खरा राग आलाय तो 'कोणी उपाशी नव्हतं' या वाक्याचा. १६३० चा दुष्काळ आपल्याच मुलखातला. तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगून ठेवलंय. घरात महाजनकी, दुकान, सावकारी असलेल्या माणसाची ही गत, तर बिनजमिनीच्या माणसाचं काय झालं असेल? मावशी दर एकादशीला गाथा उघडते. तिने तरी हे वाक्य पुढे ढकलायला नको होतं. भुकेने मेलेल्यांना आपण दुसऱ्यांदा पुसून टाकतो त्याने.

लुटीचं मात्र अर्धं खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. हिंदुस्थानचा पैसा बाहेर वाहून जात होता. ते आकड्यांनिशी मांडलं एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी. पण त्यांनी फुशारकी मारली नाही, दरडोई हिशोब केला: माणशी वर्षाला वीस रुपये. मॅडिसनच्या आकड्यांतही इंग्रजांवरचा खरा आरोप दरडोईच्या रकान्यातच सापडतो. १७०० ते १९१३ मध्ये भारताचा माणूस ५५० वरून ६७३ वर गेला, ब्रिटनचा १,२५० वरून ४,९०० च्या पुढे. आपलं एकूण उत्पन्न त्या काळात सव्वादोन पट झालं, जगाचं सात पट. वाटा घसरला तो मुख्यतः असा. आपल्याकडे माणशी उत्पन्न फारसं वाढूच दिलं नाही, हा आरोप हंडाभर मोहरांपेक्षा जड आहे.

राहिला मॅडिसनच्याच पुस्तकातला, भारताच्या वाट्याचा १९५० चा चार टक्क्यांचा आकडा. त्यात पाकिस्तान आणि आजचा बांगलादेश धरलेले नाहीत, आधीच्या आकड्यांत ते आहेत. आणि इसवी सन १ चा ३३ टक्के? तिथे भारताचं दरडोई उत्पन्न ४५० धरलंय, हजार वर्षांनंतरही तेच ४५०. जगण्यापुरते ४०० डॉलर आणि वर थोडे, असं धरून चाललेला तो हिशोब आहे.

भाचीचा चार्ट सोमवारी द्यायचाय. रात्री तिने मोहरांवर कोरा कागद चिकटवला आणि पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला, 'दरडोई'. मावशी, त्याचा फोटो तुझ्या पोस्टखाली टाकलाय. तोही पुढे पाठव.