विज्ञानातला इंग्रजी शब्द आधी नीट उच्चारू द्या, व्याख्या मग पाठ करून घ्या

आमच्या दारव्हा-दिग्रस भागातल्या खेड्यांमध्येही आता सेमी-इंग्रजीचे वर्ग रुजले असून गणित आणि विज्ञान मुले इंग्रजीतून शिकतात. त्याला माझा विरोध नाही. माझा आग्रह एवढाच आहे की, कोणत्याही शब्दाची व्याख्या पाठ करून घेण्यापूर्वी त्याचा उच्चार फळ्यावर देवनागरीत लिहावा आणि त्या शब्दाची फोडही तेव्हाच सांगावी. जो शब्द उच्चारण्याचीच धास्ती वाटते, त्याविषयी मूल वर्गात उठून प्रश्न विचारत नाही.

'झायलम' म्हणजे झाडात पाणी वाहून नेणारी ऊती. तिचे स्पेलिंग 'एक्स'ने सुरू होते, म्हणून मुले तिला 'एक्सायलेम' म्हणतात. यात त्यांचा काहीही दोष नाही. ग्रीकमधून आलेल्या अशा शब्दांचे मूळ स्पेलिंग इंग्रजीने जपले आणि उच्चार मात्र स्वतःच्या वळणाने बदलून घेतला. म्हणूनच 'न्यूमोनिया' आणि 'सायकॉलॉजी' यांच्या आरंभीचा 'पी' लिहिला जातो, पण बोलला जात नाही. 'क्लोरीन' आणि 'क्रोमोसोम' यांतल्या 'सीएच'चा उच्चार 'क' होतो. 'क्लोरोस' म्हणजे फिकट हिरवा आणि 'फिलॉन' म्हणजे पान, हे कळले की 'क्लोरोफिल' वेगळा पाठ करावा लागत नाही.

देवनागरीने सगळे साधत नाही, हेही खरे. इंग्रजीतला आघात आपल्या लिपीत दिसत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो, तर 'फोटोग्राफी'मध्ये तो दुसऱ्यावर जातो आणि पहिला 'फो' जवळजवळ 'फ' होतो. जोराच्या अक्षराखाली रेघ ओढली की काम भागते. मोबाइलवरच्या शब्दकोशांत उच्चार ऐकताही येतो. 'व्हिटॅमिन'चा आरंभ ब्रिटिश उच्चारात 'व्हि' असा आणि अमेरिकन उच्चारात 'व्हाय' असा ऐकू आला, तर दोन्ही बरोबर मानावेत. त्यावरून मुलांना टोकू नये.

मला अधिक काळजी वाटते ती सोप्या दिसणाऱ्या शब्दांची. 'वर्क' हा शब्द मुलांना पहिलीपासून ठाऊक असतो, पण भौतिकशास्त्रात बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे 'वर्क'. वेचलेल्या कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन सपाट वाटेने एकसारख्या गतीने चालणारी बाई त्या गाठोड्याला वरच्या दिशेने आधार देते आणि गाठोडे पुढे सरकते. म्हणून या आधार देणाऱ्या बलाने केलेले कार्य शून्य भरते. हे सांगितले की कुणीतरी विचारतेच, "मॅडम, मंग माय थकते कायले?" हा प्रश्न व्याख्येइतकाच मोलाचा आहे. गाठोडे तोलून धरण्यासाठी स्नायू सतत आकुंचन पावत राहतात आणि शरीराची ऊर्जा खर्च होते, म्हणून माय थकते. आईचे कष्ट शून्य आहेत असे विज्ञान म्हणत नाही, हे शिक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे; अन्यथा मूल व्याख्या लिहून गुण मिळवते आणि तिच्यावर विश्वास मात्र ठेवत नाही.

याचा उपयोग परीक्षेपुरता नाही. लॅटिनमधून आलेल्या '-साइड' या प्रत्ययाचा अर्थ मारणारे असा आहे. 'इन्सेक्टिसाइड' कीटकांसाठी, 'फंगिसाइड' बुरशीसाठी आणि 'हर्बिसाइड' तणासाठी, एवढे आठवीतल्या मुलीला नीट वाचता आले, तर फवारणीच्या दिवसांत घरातल्या डब्यावरचे नाव ती वडिलांना समजावून सांगू शकते. तणनाशक चुकून पऱ्हाटीवर पडले तर काय होते, हे आमच्या भागात कुणालाही सांगावे लागत नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, विज्ञानाच्या वहीची शेवटची काही पाने शब्दांसाठी राखून ठेवावीत आणि तेथे इंग्रजी शब्द, देवनागरी उच्चार, फोड, व्याख्या व मराठी संज्ञा एकाच ओळीत लिहून घ्यावी. मराठी संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर पाहता येतात.