गस्तीपेक्षा कंटाळा भारी

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांवरच्या तुमच्या लेखात गस्त, धोका, निळी शिरस्त्राणं सगळं आलं, पण कंटाळ्याला एकच ओळ? मी दक्षिण सुदानात मलाकालला त्यांच्याच शांतता मोहिमेत (ही मोहीम २०११ पासूनची) होतो. पावसाळ्यात तिथली काळी माती अशी चिकटते की गाड्या रुततात आणि गस्त रद्द होते. मग दिवसभर कंटेनरच्या खोल्या, जनरेटरची घरघर आणि त्याच त्या चार गप्पा. भिंती इतक्या पातळ की कोणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्यांना पाठ. आमच्यातल्या एकाची आई आजारी होती. रात्री नेटवर्क बरं मिळायचं, म्हणून त्याची रात्रीची पहाऱ्याची पाळी कोणीतरी घ्यायचं. कोण घेणार हे कधी ठरलंच नाही! केस कापायचं काम सिग्नलवाल्या, म्हणजे संदेशवहन विभागातल्या, एका जवानाकडे. त्याने आमचे जे हाल केले ते फोटोत अजून आहेत. आमच्या शेजारीच राहणाऱ्या रवांडाच्या जवानांशी व्हॉलीबॉल व्हायचा, भाषा कळायची नाही पण आउट-इनवरून भांडण मात्र व्यवस्थित. परतल्यावर पहिला आठवडा मला झोप लागेना. जनरेटरचा आवाज नव्हता ना!