साडेसात मणी

आमच्या घराण्यात पळून गेलेले दोघे-तिघे आहेत, पळणारं मात्र कोणी नव्हतं. एक चुलते मॅट्रिकच्या निकालादिवशी मुंबईला पळाले. एक आत्या पळाली, तिचं नाव अजून दबक्या आवाजातच निघतं. त्यामुळे चौथीतल्या नातीनं जेवता जेवता "मी आता रोज पळणार" असं जाहीर केलं तेव्हा आमच्या आईचा घास हातातच राहिला.

दोष टीव्हीचा. 15 ऑगस्ट 2016 ची संध्याकाळ. रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची फायनल होती आणि तिच्यात ललिता बाबर पळणार होती. ललिता माण तालुक्यातल्या मोहीची, आणि आमच्या आईचं माहेरही माणातलं. दोनच दिवस आधी हीटमध्ये तिनं 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा फायनलला पळाल्या, त्यानंतर 32 वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारतातली कोणी मुलगी फायनलला पोचली होती. हे सगळं मी आईला जीव तोडून समजावत होतो. तिला त्यात काडीचा रस नव्हता. "बाबर म्हंजी कुठलं बाबर?" असं म्हणत ती माहेरची नाती लावत बसली होती. ललिता दहावी आली. "जगात धाव्वी!" म्हणत आईनं देवापुढं साखर ठेवली. यातला 'जगात' पुढं आमच्या पोरीच्या वाट्याला कधी आला नाही, आणि त्यावरून घरात बरंच रामायण झालं.

लेकीचं लक्ष ललितापेक्षा पाण्याच्या खड्ड्यावर होतं. स्टीपलचेसमध्ये 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाणी ओलांडावं लागतं. पळता पळता पाण्यात उडी मारायची, वर लोकांनी टाळ्या वाजवायच्या, असला खेळ जगात असताना आपल्याला बूट ओले केले म्हणून रट्टे का बसतात, असा तिचा रास्त सवाल होता. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये स्टीपलचेस सुरू झाली. टीपॉय, दोन पाट, उलटा घातलेला तांदळाचा डबा आणि शेवटी मोरीतलं घंगाळ. तिसऱ्या फेरीला घंगाळ कलंडलं, पाणी दिवाणखाली गेलं, आणि बायको म्हणाली, "अहो, हिला मैदानावर सोडून या. घरात नको." आमच्या घरातल्या क्रीडाधोरणाची सुरुवात ही अशी झाली. पुढं ती प्रत्यक्षात स्टीपलचेस कधी पळालीच नाही. शाळेच्या स्पर्धांत पंधराशे आणि तीन हजार मीटर, तेच तिला चिकटले. पण घंगाळाला पोक आला आहे तो अजून आहे.

मैदानावर सर भेटले. सर फार बोलत नसत. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि बरंचसं संभाषण तीच करी. आम्ही नवरा-बायको दहा वर्षं घसा फोडून सांगत होतो, लवकर झोप, मोबाईल ठेव, भाजी खा. सरांनी एकदा सांगितलं, "साडेनऊला झोपायचं." पोरगी साडेनऊला झोपली. तेव्हापासून आम्हीही मुलीला काही सांगायचं असलं की सरांमार्फत सांगू लागलो. "सर, तेवढं दप्तर आवरायचं सांगा." सर बिचारे सांगत. ताणायला बसलेल्या पोरींपुढं उभं राहून ते दप्तर, केस आणि दुधीभोपळा या विषयांवर बोलत.

खाण्याचं विचारूच नका. सरांनी बीट सांगितलं. बिटाचा रस निघू लागल्यापासून आमच्या सिंकमध्ये रोज सकाळी कोणाचा तरी खून झालेला असे. आईचा बिटावर विश्वास नव्हता. तिचा शेंगदाण्याच्या लाडवावर होता. तिकडे मोड आलेली मटकी, इकडे तुपात निथळणारा लाडू, अशी दोन सरकारं घरात नांदत होती आणि पोरगी दोन्हीकडून अनुदान घेत होती. उरलेलं सगळं मी संपवायचो. तिच्या पळण्याच्या वर्षांत तिचं वजन तसंच राहिलं, माझं वाढलं.

आता पहाटेचं. साताऱ्यात पोरगी पहाटे पळताना दिसली की बघणारा एकच प्रश्न विचारतो, "भरती का?" अपशिंगे मिलिटरीसारखी घरटी फौजी देणारी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथं उगीच कोण कशाला पळेल? मैदानावर पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं-पोरी आलेलीच असतात. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे. कोणी कोरेगावकडून, कोणी मेढ्याकडून येऊन शहरात खोली करून राहिलेली. त्यांच्यात आमचं बारकं शेपूट. त्या पोरींनी तिला लगेच दत्तक घेतलं. "ए बारके, खांदं ढिलं सोड," असं सरांच्या आधी त्याच सांगत. माझा मेव्हणा मात्र दर दिवाळीला विचारायचा, "दाजी, ही भरतीला उंचीत बसंल ना?" तिला भरतीला जायचं नाही म्हटल्यावर तो गप्प होई आणि थोड्या वेळानं म्हणे, "मग पळती कशाला?" याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. पोरीला विचारलं तर ती म्हणे, "आवडतं." मेव्हण्याला हे कारण फारच तकलादू वाटायचं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. सातारचा पाऊस बूट बघून पडतो. सरांचा 'हिल' असायचा तो यवतेश्वरच्या घाटात, आणि जुलैत तिथं धुकं असं की दहा पावलांवरची म्हैससुद्धा आधी ऐकू येते, मग दिसते. पोरी वर पळत जायच्या, मी स्कूटरवर मागून दिवा लावून. वाटेत पुण्याहून आलेली एखादी गाडी थांबे, काच खाली करून कोणीतरी विचारी, "कास पठार किती लांब?" माझ्या अंगातून पाणी निथळत असतानाही मी नीट पत्ता सांगायचो. सातारकर माणूस कासचा पत्ता सांगायला नाही म्हणत नाही.

घरी आल्यावर बूट वाळवणे हा वेगळा उद्योग. ओल्या बुटात आधी पेपरचे बोळे कोंबायचे. ते भिजले की काढायचे, नवे कोंबायचे. मी पेपर वाचायच्या आत तो बुटात गेलेला असे, त्यामुळे त्या वर्षांतल्या साताऱ्याच्या राजकारणाबद्दल मला फारसं ठाऊक नाही. मग बूट फ्रिजच्या मागं, इन्व्हर्टरवर, पंख्याखाली खुर्चीवर. वास असा की पाहुणे चहा न घेता उठत. एकदा आईनं शेगडीशेजारी धूप घातल्यावर उरलेल्या निखाऱ्यावर बूट धरले. बुटाला ऊद-धुपाचा वास लागला आणि आठवडाभर पोरगी पळाली की मागे आरती चालल्याचा भास होई.

मार्च 2020 नंतर मैदान बंद झालं. पोरगी गच्चीवर पळू लागली. आमची गच्ची ती काय, पाण्याची टाकी, दोन डिश अँटेना आणि वाळवणाच्या दोऱ्या. तिनं टाकीभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात रस्ता काढला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बरेच दिवस सहन केलं आणि मग जिन्यात तोंडाला पदर लावून बायकोला विचारलं, "तुमच्याकडे रोज मसाला कुटायचा असतो का हो?" बायकोनं सरळ "हो" सांगितलं. पुढं काकूंनी अर्धा किलो मसाला मागितला तेव्हा पंचाईत झाली.

पण या सगळ्याहून अवघड काम म्हणजे शर्यत बघणे. क्रिकेट खेळणाऱ्या पोराच्या बापाला दिवसभर काहीतरी दिसतं. कबड्डीत तर आपलं पोर कोणाच्या खाली आहे एवढंच शोधायचं. पळण्यात पोर समोरून जातं, क्षणभर चेहरा दिसतो, तोही ओळखू न येणारा, आणि मग दीड-पावणेदोन मिनिटं तुम्ही दुसऱ्याच्या पोरी बघता. तोवर हातात तिचं जॅकेट, पाण्याची बाटली, मोबाईल, चष्मा आणि अर्ध्या खाल्लेल्या केळ्याचं साल. पालकाचं तिथलं पद खुंटीचं. आणि सेफ्टी पिना! छातीवरचा नंबर लावायला चार लागतात, म्हणून पिनांचं अख्खं पाकीट घरात यायचं. स्पर्धेच्या सकाळी त्यातली एक सापडायची नाही. मग त्या वर्षभर सापडत राहायच्या, पडद्यात, वॉशिंग मशीनमध्ये, एकदा माझ्या ऑफिसच्या पँटमध्ये, तीही ऐन मीटिंगमध्ये बसल्यावर.

ओरडायचं काय हाही प्रश्नच. मी "पळ! पळ!" ओरडायचो. ती म्हणाली, "पप्पा, मी पळतच असते." बायकोचं याहून वेगळं. आयुष्यात पहिल्यांदा लेक जिल्हा स्पर्धेत तीन हजारात पुढं निघाली, सगळं मैदान उभं राहिलं, आणि आमच्या हिनं कुंपणाला धरून जीव खाऊन आरोळी ठोकली, "सावकाश गं! पडशील!" शेजारच्या शाळेचे सर पार गोंधळले. त्यांना वाटलं ही काहीतरी नवी चाल आहे. त्यांनीही आपल्या मुलीला "सावकाश!" म्हणून ओरडून सांगितलं, आणि ती खरोखर सावकाश झाली.

आई एकदाच आली, विभागीय स्पर्धेला. येताना जपमाळ घेऊन आली. तीन हजार मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर साडेसात फेऱ्या. मागं पडलेल्या आणि एक फेरी पुढं गेलेल्या पोरी एकमेकींत मिसळल्या की कोण कितव्या फेरीवर आहे हे भल्याभल्यांना कळत नाही. आईला कळलं. नात समोरून गेली की एक मणी पुढं. आमच्या आजूबाजूचे पालक थोड्या वेळानं आईलाच विचारू लागले, "आजी, किती झाल्या?" आई डोळे न उघडता सांगे, "चार." अडचण एकच होती. सुरुवात समोरच्या बाजूनं होते, पहिली अर्धी फेरी असते. "त्या अर्ध्याला मणी कसा सोडायचा?" असं तिनं मला तीनदा विचारलं. शेवटी मणी बोटानं अर्धवट सरकवून ती तसाच धरून बसली, शर्यत संपेपर्यंत.

त्या दिवशी पोरगी आठवी आली. कोल्हापूर-सांगलीच्या पोरी वाऱ्यागत पळाल्या. पण तिचा वेळ आधीपेक्षा चार सेकंदांनी कमी झाला होता आणि ती आनंदानं नाचत होती. आईला हे जमेना. "आठवी म्हंजी म्होरनं का मागनं?" म्होरनं म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "मग प्याडा वाटायचा का न्हाई?" मी सेकंदांचं समजावू लागलो. आई म्हणाली, "चार सेकंदात काय हुतंय?" यावर बायकोनं दिलेलं उत्तर मला अजूनही तोड नसलेलं वाटतं. ती म्हणाली, "दूध उतू जातं." आईनं क्षणभर विचार केला आणि पेढे आणायला पैसे काढून दिले. राजवाड्यावरून कंदी पेढे आले. वाटताना मात्र ती शेजाऱ्यांना नुसतं "नंबर आला" एवढंच सांगत होती.

सप्टेंबरात हिल हाफ मॅरेथॉन झाली की साताऱ्यात महिनाभर सगळेच तज्ज्ञ असतात. 21 किलोमीटर आणि वर थोडं, अर्धा रस्ता घाट चढायचा, अर्धा उतरायचा. घाटाला जाणाऱ्या रस्त्यावर ढोल-ताशे लावून लोक बाहेरगावच्या पळणाऱ्यांना चढवत असतात. आई दरवर्षी खिडकीतून विचारते, "अर्धीच का? एवढी माणसं लांबनं आणलीत तर पुरती पळवायची." आणि दरवर्षी कोणीतरी मला विचारतं, तुम्ही नाही का भाग घेतला? पळणाऱ्या पोरीचा बाप पळत असणार असा लोकांचा समज असतो. गवयाच्या बापाला कोणी गायला लावत नाही.

बारावी झाली आणि पोरगी पुण्याला कॉलेजला गेली. तिथंही पळते. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर तिच्या घड्याळाकडून एक नकाशा येतो, त्यावर नारिंगी रेघ, वेळ आणि हृदयाचे ठोके. आई तो नकाशा उलटा धरून बघते आणि ठोक्यांचा आकडा ऐकला की तिचे स्वतःचे वाढतात.

माझी पहाटेची जाग काही गेली नाही. साडेचारला डोळे उघडतात, पाचला मी मैदानावर असतो. चालायला म्हणून. भरतीच्या पोरी आता नव्या आहेत, आमच्या बारकीला त्यांच्यातली कोणी ओळखत नाही. पण रिकामा उभा असलेला माणूस त्यांनी बरोबर हेरला. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, "काका, तेवढं जॅकेट धरता का?" आता आठ-दहा जॅकेटं असतात, ओढण्या असतात, किल्ल्या असतात. मी कोणती कोणाची हे चुकत नाही. वेळही लावून देतो.

परवा त्यातल्या एका जॅकेटात मोबाईल वाजायला लागला. एकदा वाजून थांबला, पुन्हा वाजला. स्क्रीनवर 'आई' असं नाव. पोरगी समोरच्या वळणावर होती. म्हटलं, घाबरून जाईल माऊली, उचलावा. उचलला. "मी मैदानावरनं बोलतोय, ती पळतीय, जॅकेट माझ्याकडं आहे," असं एका दमात सांगून टाकलं. पलीकडं जरा शांतता. मग विचारलं गेलं, "कितवी फेरी चाललीय?"

"तिसरी."

"तिला म्हणावं सावकाश. पडंल."

"सांगतो," म्हटलं आणि ती समोरून गेली तेव्हा सांगितलंही. तिनं पळता पळता कपाळाला हात लावला.